आटा गाडीचा, बैठक रिमची

बाराबंकी यायच्या थोडं आधी स्टिअरिंग हातात थरथरू लागलं. आधी वाटलं, रस्ताच खराब असेल. मग पुढच्या डाव्या चाकातून टक्-टक् असा आवाज यायला लागला, गाडी पळवली की भराभर, हळू केली की सावकाश. कडेला एका पंक्चरवाल्याची टपरी दिसली, तिथे थांबलो. त्या मुलाने पाना हातात घेतलाच नाही. दोन बोटांनी नट धरून फिरवला, आणि तो फिरला. चारांपैकी दोन नट हाताने सुटत होते.

गाडी होंडा सिटी. अलॉय रिम बसवून जेमतेम तीन दिवस झालेले, आणि मागच्या सीटवर बायको आणि आई. त्या मुलाने चाक उतरवलं आणि एक नट तळहातावर ठेवून मला दाखवला. रिमला टेकणारं त्याचं तोंड गोटीसारखं गोल होतं. मग त्याने रिमचं भोक फडक्याने पुसलं. ते आत नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलेलं, उतार अगदी सरळ. त्या उतारावर केसाएवढी एक चकचकीत रेघ वर्तुळात उमटली होती. नट रिमला टेकत होता तो फक्त त्या रेघेवर. बाकीच्या उतारावरचा रंगसुद्धा जसाच्या तसा होता. "नट गोल है साहब, और रिम का घर सीधा है," तो म्हणाला. त्याने त्या चाकाच्या जागी स्टेपनी चढवली, उरलेली तीन चाकं आवळून दिली, आणि आम्ही ताशी चाळीसने लखनौला परत आलो.

ज्या दुकानातून रिम घेतले, तिथे कंपनीचे मूळचेच नट नव्या रिमवर लावले होते. मी शेजारी उभा होतो. डिझाइन, रंग, टायरची जाडी, सगळं विचारलं होतं. नटाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. तेव्हापासून हा विषय मी सोडलेला नाही. गाड्यांची मॅन्युअलं चाळली, उस्तादांशी बोललो, लालबाग आणि लाटूश रोडवर शेल्फांपुढे उभा राहिलो. त्यातून जे हाती आलं, ते एकत्र मांडावंसं वाटतं, कारण या शहरात अलॉय बसवणारे मराठी लोकही कमी नाहीत आणि पुण्या-नाशकातही हेच चालतं.

मुंबईच्या माणसाला लालबाग म्हटलं की गिरण्या आणि गणपती आठवतात. लखनौचा लालबाग हा हजरतगंज आणि कैसरबागेच्या मधला भाग, आणि गाडीवाल्यांसाठी तो सीट-कव्हरपासून अलॉयपर्यंतच्या सजावटीचा बाजार. तिथे रिम निवडायला घरची सगळी मंडळी येतात. दोन-दोन तास जातात. चाक गाडीला लावून लांबून पाहतात, फोटो काढून भावाला पाठवतात. पैसे देऊन झाले की हाताखालचा पोरगा एअर गन घेऊन येतो आणि दहा मिनिटांत सोळा किंवा वीस नट आवळून मोकळा होतो. अमेरिकेत ज्याला लग नट म्हणतात तोच हा आपला व्हील नट. चाक गाडीला धरून ठेवायला त्याच्याशिवाय दुसरं काहीही नाही.

नट घेताना दोन वेगळ्या वस्तूंना दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. आटे कोणते हवेत, हे गाडीचा स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा, सांगतो. बैठक, म्हणजे नट रिमला जिथे टेकतो तो भाग, कशी हवी, हे रिमचं भोक सांगतं. गाडी बदलली नाही म्हणून नटही बदलायला नको, असं ग्राहकाला वाटतं. रिमबरोबर डब्यात नट आलेत म्हणजे ते चालतीलच, असं दुकानदाराला वाटतं. दोघांनाही अर्धंच दिसत असतं.

आधी आट्यांचं पाहू. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांचा स्टड बारा मिलिमीटर व्यासाचा असतो, पण दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, सगळ्यांचं एक नसतं. मारुती सुझुकीचा पिच सव्वा, होंडा, ह्युंदाई आणि टोयोटाच्या बहुतेक गाड्यांचा दीड. दुकानात ते "बारा-सव्वा" आणि "बारा-दीड" म्हणून मागितले जातात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. साडेसात मिलिमीटर लांबीत सव्वाचे सहा आटे बसतात आणि दीडचे पाच, एवढाच फरक. त्यामुळे चुकीचा नटही पहिले दोन-तीन फेरे हाताने सुखाने जातो आणि मग अडतो. हाताने लावणारा माणूस तिथे थांबतो. गन थांबत नाही. ती नटाला पुढे रेटत राहते, आटे एकमेकांना खात जातात, आणि शेवटी नट घट्ट बसल्यासारखा वाटतो. इथले मिस्त्री म्हणतात "चूडी मर गई", आपण म्हणतो आटे गेले. तो नट पुढे सुटतो तरी, नाहीतर पुढच्या पंक्चरच्या वेळी स्टडसकट तुटून हातात येतो.

यात एक खास फसवी जागा आहे. टोयोटा ग्लान्झा ही २०१९ पासून विकली जाणारी गाडी मुळात मारुतीची बलेनो आहे. बोनेटवर टोयोटाचं चिन्ह, स्टडवर सुझुकीचे सव्वाचे आटे. चिन्ह पाहून बारा-दीडचं पाकीट उघडणारा माणूस चुकणारच. म्हणून चिन्हावर जाऊ नये. गाडीचा एक मूळ नट खिशात घालून दुकानात न्यावा आणि नव्या नटाचे आटे त्याच्या आट्यांशी भिडवून उजेडात धरावेत. पिच एक असेल तर आटे एकमेकांत बसतात आणि मधून उजेड दिसत नाही. पिच-गेज नावाची पत्र्यांची छोटी जुडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती असली तर शंकाच उरत नाही. टाटा आणि महिंद्राच्या गाड्यांसाठी तर मॉडेल आणि वर्ष पाहूनच ठरवावं, त्यांच्यात एक सरसकट उत्तर नाही.

फोक्सवॅगन पोलो किंवा स्कोडा रॅपिड असेल तर सगळा मामलाच उलटा. तिथे हबवर स्टड नसतात. हबमध्ये आट्यांची भोकं असतात आणि चौदा-दीडचे बोल्ट बाहेरून आत जातात. नवा रिम जाडीला जास्त किंवा कमी असला की बोल्टची लांबीही बदलावी लागते. बोल्ट आखूड पडला तर पुरेसे आटे धरत नाहीत. लांब पडला तर हबच्या मागे बाहेर येऊन ब्रेकच्या भागांना घासू शकतो. अशा गाडीत बोल्ट लावल्यावर चाक हवेत असताना हाताने पूर्ण फिरवून पाहिल्याशिवाय गाडी खाली उतरवू देऊ नये.

आता बैठक. माझ्या गाडीचं जे झालं ते इथेच, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

चाकाच्या नटाच्या बैठकीचे मुख्य प्रकार तीन. निमुळती, साठ अंशांच्या कोनाची. गोल, चेंडूच्या कापासारखी. आणि सपाट, जिच्याखाली वायसर असतो. होंडा आपल्या मूळ चाकांना गोल बैठक देते, बारा मिलिमीटर त्रिज्येची. फोक्सवॅगनचे मूळ बोल्टही गोल बैठकीचे, पण त्यांची त्रिज्या तेरा. मर्सिडीज गोल, बीएमडब्ल्यू निमुळती. टोयोटाच्या कित्येक मूळ अलॉयना वायसरवाले सपाट नट असतात. बाजारात मिळणाऱ्या बाहेरच्या रिमांची बैठक मात्र बहुतेक वेळा साठ अंशांची निमुळती. म्हणजे होंडा किंवा टोयोटाचा मालक मूळ नट घेऊन बाहेरच्या रिमकडे गेला की बहुधा जुळणार नाही. मारुती-ह्युंदाईवाल्याचं बहुधा जुळतं. पण "बहुधा" या शब्दावर चाक लावू नये.

गोल नट निमुळत्या घरात टेकतो तेव्हा तो एका बारीक वर्तुळावर टेकतो. सगळा दाब त्या रेघेवर येतो. अॅल्युमिनियम मऊ, तिथे ते दबतं. आवळताना पान्याला घट्ट लागलेलं असतं, आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क रेंचसुद्धा बरोबर आकडा दाखवून टक् करतो, म्हणून तपासणाऱ्याचीही फसगत होते. शे-दोनशे किलोमीटरमध्ये ती रेघ आणखी दबते आणि सैल पडायला तेवढं पुरतं. याच्या उलट, निमुळता नट गोल घरात लावला तर तो घराच्या कडेवर टेकतो. सपाट घरात निमुळता नट लावणं सर्वांत वाईट, कारण तिथे तो रिमला पाचरीसारखा फाडू पाहतो.

जुळतं की नाही हे पाहायला सोपा उपाय आहे. नटाच्या तोंडाला मार्करने रंग लावायचा, स्वच्छ पुसलेल्या घरात हाताने दाबून थोडा फिरवायचा आणि बाहेर काढायचा. रंग सगळ्या उतारावर पसरला असेल तर बैठक जुळली. एकाच रेघेवर लागला असेल तर तो नट परत करावा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. दोन मिनिटांचं काम आहे.

रंगावरून आणखी एक गोष्ट. लखनौमध्ये जुने रिम घासून, पुन्हा रंगवून वापरण्याची चाल बरीच आहे, आणि काम सुबक होतं. पण पावडर कोटिंगचा जाड थर नटाच्या घरातही बसलेला असतो. नट त्या थरावर आवळला जातो. काही दिवसांत थर चुरतो, आणि जेवढा थर गेला तेवढा नट ढिला होतो. रंगवायला देतानाच सांगावं की नटाची भोकं आणि हबला टेकणारी मागची बाजू झाकून ठेवा. तोच प्रश्न चकचकीत क्रोम नटांचा. मुलामा चांगला असेल तर अडचण नाही. पापुद्रे सुटायला लागले की ते बैठकीत अडकतात. काही नटांवर तर वेगळी पत्र्याची टोपी दाबून बसवलेली असते. आत पाणी शिरून गंज धरला की टोपी फुगते आणि रस्त्याच्या कडेला, नेमका पाऊस असताना, पाना बसत नाही.

नट आवळल्याने नेमकं काय होतं, हे समजलं की बाकीचे बरेच नियम आपोआप कळतात. गाडीचं वजन स्टडवर लटकत नसतं. रिमची मागची बाजू आणि हब यांच्यामधलं घर्षण वजन पेलतं, आणि ते घर्षण तयार होतं नटांच्या दाबामुळे. बारा मिलिमीटरच्या स्टडवर शंभर न्यूटन-मीटरने आवळलेला एक नट ढोबळ हिशेबाने चार टनांच्या आसपास दाब देतो. चार नटांचे मिळून सोळा-सतरा टन. अकराशे किलोच्या गाडीच्या एका चाकाला एवढा दाब लागतो, कारण ते चाक वळतं, ब्रेक लागतात, खड्ड्यात आपटतं. दाब पुरेसा असेल तर रिम हबवर तसूभरही सरकत नाही. कमी पडला की रिम आडवा सरकू लागतो, प्रत्येक फेऱ्याला थोडं इकडे, थोडं तिकडे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगांनी दाखवून दिलं की नट सुटायला असं आडवं सरकणंच सर्वांत जास्त कारणीभूत असतं. एकदा ते सुरू झालं की नट स्वतःहून मागे फिरत जातो. आणि असे फेरे थोडेथोडके नसतात. लखनौ ते आग्रा एक्स्प्रेसवे ३०२ किलोमीटरचा आहे. सिटीच्या चाकाचा परीघ एक मीटर नव्वद सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे एका बाजूच्या प्रवासात प्रत्येक चाकाचे दीड लाखांहून जास्त फेरे. ताशी शंभरने जाताना सेकंदाला चौदा-पंधरा.

आवळताना स्टड किंचित ताणला जातो, आणि त्या ताणातूनच दाब येतो. लालबागेतून चालत कैसरबागेला गेलं की परीखान्यात ते संगीत विद्यालय लागतं, जे १९२६ साली पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या खटपटीतून मॅरिस कॉलेज म्हणून उभं राहिलं आणि आज त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. तिथून तंबोऱ्याचा आवाज रस्त्यावर येतो तेव्हा मला हल्ली स्टड आठवतो. तार सैल असेल तर सूर लागत नाही, आणि जास्त पिळली तर तुटते. स्टडचंही तसंच, फक्त इथे कानाला काही कळत नाही. मोजावंच लागतं.

मोजायचं साधन म्हणजे टॉर्क रेंच. होंडाला १०८ न्यूटन-मीटर, टोयोटाच्या बहुतेक गाड्यांना १०३, फोक्सवॅगनच्या बोल्टांना १२०, मारुतीच्या छोट्या गाड्यांना ८५ ते १०० च्या घरात. नक्की आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात असतो. रेंच जवळ नसेल तर हिशेब करावा. तीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला चौतीस किलोचा जोर दिला की शंभर न्यूटन-मीटर होतात. सत्तर किलोचा माणूस त्याच पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला की दोनशेच्या वर जातो, म्हणजे हवं त्याच्या दुप्पट. आपल्याकडे पान्यावर उभं राहणं हीच घट्ट आवळल्याची खूण समजतात. गन त्याहूनही पुढे जाते, आणि चारही नट वेगवेगळे आवळते. गन वापरू नये असं मी म्हणत नाही. नट हाताने दोन-चार फेरे चढवावा, मग गन हलकेच मारावी, समोरासमोरचे नट आलटून-पालटून घ्यावेत, आणि चाक जमिनीला टेकवून शेवटचं आवळणं रेंचने करावं. चांगले उस्ताद असंच करतात. लाटूश रोडजवळच्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे मी आता जातो. ते शागिर्दाला पहिले तीन फेरे हाताने दिल्याशिवाय गनला हात लावू देत नाहीत. "पहले उँगली से पूछो," एवढंच म्हणतात.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावावं का, यावर मिस्त्र्यांमध्ये मतभेद आहेत. लावलं की नट सहज फिरतो, गंजत नाही, हे खरं. पण घर्षण कमी झालं की त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो, सहज तिसऱ्या हिश्शाने जास्त. पुस्तकातले आकडे बहुतेक कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी दिलेले असतात. मी तारेच्या ब्रशने आटे साफ करतो आणि कोरडेच ठेवतो. बैठकीला तर तेलाचा थेंबही लागू देत नाही.

लांबीचा प्रश्न नव्या रिममुळेच निर्माण होतो. बाहेरच्या अलॉयची हबला टेकणारी जागा पत्र्याच्या मूळ रिमपेक्षा बरीच जाड असते, त्यामुळे स्टड कमी बाहेर येतो. नटाने निदान स्टडच्या व्यासाएवढी लांबी धरावी, हा जुना आणि भरवशाचा नियम. बारा-दीडला म्हणजे आठ फेरे, बारा-सव्वाला जवळपास दहा. नट टेकल्यापासून सुटेपर्यंतचे फेरे मोजले की झालं. चाक बाहेर दिसावं म्हणून पाच मिलिमीटरचा स्पेसर घातला, की सव्वाच्या आट्यांमधले चार फेरे गेले. लांब स्टड न बसवता स्पेसर घालणाऱ्याला मी कळकळीने सांगेन की तो काढून ठेवा. तोंड बंद असलेल्या टोपीवाल्या नटांमध्ये आणखी एक घात होऊ शकतो. स्टड लांब असेल तर तो टोपीच्या आत तळाला टेकतो, नट घट्ट लागतो, आणि रिम मात्र सैलच राहतो.

मधल्या भोकाचंही बघावं लागतं. स्विफ्टचं हब ५४.१ मिलिमीटरचं, सिटीचं ५६.१, क्रेटाचं ६७.१. एकच रिम अनेक गाड्यांना चालावा म्हणून बाहेरच्या रिमचं भोक मोठं ठेवतात. मधली पोकळी भरायला रिंग मिळते, ती जरूर घ्यावी. रिंग नसेल तर चाक मध्यावर आणायचं सगळं काम निमुळत्या नटांवर येतं, आणि आवळण्याचा क्रम चुकला की चाक कायमचं थरथरतं. इथे लोक बॅलन्सिंग तीन-तीनदा करून घेतात, आणि दोष रिंगचा असतो. एकाच रिमवर आठ भोकं असलेले दुहेरी पीसीडीचे रिम (पीसीडी म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) घेताना आपल्या गाडीचे नट कोणत्या चार भोकांत जाणार, ते आधी पाहून ठेवावं, आणि ती चारही भोकं आतून तपासावीत.

कशाचे नट घ्यावेत, याचं माझं उत्तर साधं आहे. पोलादाचे. लाल, निळे, जांभळे हलके नट काउंटरवर सुंदर दिसतात, पण त्यातले पुष्कळसे अॅल्युमिनियमचे असतात. रेसिंगवाले ते वापरतात, पण वारंवार बदलतातही. रोजच्या गाडीला, जिचं चाक वर्षातून दोन-तीनदा पंक्चरवाल्याच्या हातात जातं, तिला ते नकोत. त्यांचे आटे लवकर झिजतात. ओळखायला खिशात लोहचुंबक ठेवावा. चिकटला तर पोलाद. टायटॅनियमलाही चुंबक चिकटत नाही, पण ते खरं असेल तर त्याची किंमतच सांगते. पोलादी नटावर किंवा पाकिटावर प्रतवारी लिहिलेली असावी. गाडीचे स्टड साधारण १०.९ प्रतीचे असतात, त्याला १० प्रतीचा नट जुळतो.

बऱ्याच अलॉयची नटाची भोकं इतकी अरुंद असतात की नेहमीचा एकोणीसचा सॉकेट आत जात नाही. तिथे बाहेरून खाचा असलेले बारीक नट लागतात, आणि ते फिरवायला वेगळी चावी. चोरीपासून बचावासाठी प्रत्येक चाकाला एक कुलपी नट लावतात, त्याचीही चावी वेगळी. गोमतीनगरात रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला कुलपी नट लावावा, हे मलाही पटतं. पण ती चावी गाडीतच, स्टेपनीजवळ, एका ठरलेल्या पिशवीत असली पाहिजे. घरच्या कपाटात ठेवलेली चावी अयोध्येच्या रस्त्यावर उपयोगी पडत नाही.

त्याच पिशवीत मूळ नटांचा एक संचही असू द्यावा. बहुतेकांची स्टेपनी पत्र्याच्या मूळ रिमचीच राहते. नवे निमुळते नट त्या रिमला बसतीलच असं नाही, खाचांचे बारीक नट तर मुळीच भरवशाचे नाहीत. बाराबंकीला माझी गाडी स्टेपनीवर परत येऊ शकली, कारण गोल नट त्या मूळ रिमच्या गोल घरात बरोबर बसले. आज बरोबर नट लावल्यावर तीच स्टेपनी मला जुन्या नटांशिवाय लावता येणार नाही.

कायद्याकडे पाहिलं तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे. उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी जो आकार देते, त्याच्या पलीकडे जाऊ नये. अलॉय रिमसाठी आपल्याकडे एआयएस-०७३ आणि आयएस १६१९२ ही मानकं आहेत. त्यांत चाकाची वळणाच्या ताणाखाली, भाराखाली आणि आघाताखाली परीक्षा होते. अशा परीक्षांचं एक मोठं ठिकाण पुण्यातच आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय. शिक्रापूरला एनकेईसारखी कंपनी अलॉय बनवते. म्हणजे चांगला रिम बनवण्याची आणि तपासण्याची व्यवस्था देशात आहे. पण त्या रिमला काउंटरवर कोणता नट लावला जातो, हे पाहायला तिथे कुणी नसतं. अलॉय विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने बिलावर आट्यांचा आकार, बैठकीचा प्रकार आणि आवळण्याचा आकडा लिहून द्यावा, एवढं सक्तीचं व्हायला हवं असं मला वाटतं. तीन ओळींचं काम आहे. ग्राहकाने मागितलं तर आजही काही जण लिहून देतात.

कानपूर रोडवरच्या ट्रान्सपोर्ट नगरात पहाटे गेलं तर या बाबतीत ट्रकवाले आपल्यापेक्षा पुष्कळ पुढे आहेत हे दिसतं. क्लीनर लोखंडी कांब घेऊन प्रत्येक नटावर टोला मारत गाडीभोवती फिरतो. घट्ट नट खणखणतो, ढिला बद्द वाजतो. काही ट्रकांच्या नटांवर पिवळ्या प्लास्टिकचे बाण असतात, शेजारच्या दोन नटांचे बाण एकमेकांकडे तोंड करून. एखादा नट फिरला की बाणाचं तोंड फिरतं आणि लांबूनच कळतं. गाडीला बाण लावायची गरज नाही. पेंट मार्करने नटावरून रिमवर एक सरळ पांढरी रेघ ओढली की तेच काम होतं. रेघ मोडली की नट हलला.

नवे रिम बसवल्यावर ऐंशी ते दीडशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतात, कारण नवी बैठक थोडी दबतेच. लखनौकराला हे लक्षात ठेवायला सोपं आहे, साधारण कानपूरची एक फेरी. बारा-दीडचे निमुळते पोलादी नट लावून, दोन स्टड बदलून घेतल्यावर मी तशीच फेरी केली, एकटाच. जाजमऊचा पूल ओलांडला, कानपुरात चहा घेतला आणि परत निघालो. वाटेत दोनदा उतरून रेघा पाहिल्या. गरम चाकावर आवळू नये म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी रेंच १०८ वर लावला आणि पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. सोळांपैकी तेरा नटांवर लगेच टक् झालं. तीन नट किंचित फिरले, घड्याळाच्या काट्याच्या दोन-तीन मिनिटांएवढे, आणि मग टक् झालं. त्या तिन्ही नटांच्या रेघा पुसून नव्या ओढल्या. पुढच्या रविवारी आईला आणि बायकोला घेऊन बाराबंकीकडे निघायच्या आधी पुन्हा रेंच लावला, तेव्हा सोळाही जागचे हलले नाहीत.